लहान कॅबिनेटची वाट पाहताना: कूलिंगचा निर्णय टप्प्याटप्प्याने

संगणकाचे सुटे भाग बसवायचे लहान आकाराचे कॅबिनेट मागवले की वाट पाहणे आलेच. या प्रकारातली काही नावाजलेली कॅबिनेट छोट्या डिझायनरांनी लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन बाजारात आणलेली आहेत. १२.६ लिटरचे एनकेस एम१ २०१३ साली इंडिगोगोवर आले, ७.२ लिटरचे डॅन ए४-एसएफएक्स २०१६ साली किकस्टार्टरवर आले, आणि दोन्हींचे उत्पादन तैवानच्या लियान ली कंपनीने केले. आजही अशी बरीच कॅबिनेट मर्यादित संख्येने, एकेक खेप करून तयार होतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केली, तरी ती दुकानात तयार मिळण्याची शक्यता कमीच असते.

मधल्या काळात बहुतेक जण प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर शोधू लागतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. हवेचा कूलर पुरेसा आहे असे एक जण सांगतो, पाण्याशिवाय गत्यंतर नाही असे दुसरा सांगतो, आणि दोघेही आपापल्या मांडणीपुरते बरोबर असू शकतात. कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर जागा आहे आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून किती वॅट खाणार आहेत, या दोन गोष्टींवर उत्तर ठरते. माझा आग्रह एवढाच आहे की उष्णता बाहेर कशी काढायची हे ठरवण्याआधी ती मुळात किती कमी करता येईल हे पाहावे, कारण लहान कॅबिनेटमध्ये कमी झालेला प्रत्येक वॅट महागड्या कूलरपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पहिल्यांदाच मिनी-आयटीएक्स, म्हणजे लहान चौकोनी मदरबोर्डचा, संगणक जुळवणाऱ्यांसाठी पुढचे टप्पे लिहिले आहेत. ते याच क्रमाने घेतले तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील.

१. मोजमापे एका कागदावर उतरवा

जाहिरातीत लिटरचा आकडा सर्वांत ठळक असतो, परंतु कूलर निवडताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. उत्पादकाच्या पानावरून प्रोसेसर कूलरची कमाल उंची, ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी, उंची व जाडी, पाण्याच्या कूलरचा रेडिएटर बसत असल्यास पंख्यासह त्याची कमाल जाडी, एसएमपीएसचा (वीजपुरवठा करणाऱ्या भागाचा) प्रकार आणि पंखे बसवण्याच्या जागा एवढे आकडे उतरवून घ्या. कूलरच्या उंचीतला फरक किती मोठा असतो ते पाहण्यासारखे आहे. डॅन ए४-एसएफएक्समध्ये ४८ मिमी, लियान ली व डॅन यांच्या ए४-एच२ओमध्ये ५५ मिमी, तर कूलर मास्टरच्या एनआर२००पीमध्ये जाळीची बाजू लावल्यास १५५ मिमी उंचीचा कूलर बसतो. ही तिन्ही कॅबिनेट ‘लहान’ याच सदरात मोडतात.

फ्रॅक्टल डिझाइनच्या टेरा या १०.४ लिटरच्या कॅबिनेटचे उदाहरण सविस्तर घेऊ, कारण त्यातून हा हिशेब नीट समजतो. याला ‘सँडविच’ रचना म्हणतात: मधोमध धातूची एक उभी पाठ असते, तिच्या एका बाजूला मदरबोर्ड आणि दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड बसते, आणि दोहोंना रायझर नावाची चपटी केबल जोडते. टेरामध्ये ही पाठ ठरलेल्या टप्प्यांनी इकडे-तिकडे सरकवता येते. कूलरला ४८ ते ७७ मिमी आणि कार्डाच्या जाडीला ७२ ते ४३ मिमी जागा मिळते, म्हणजे दोन्हींची बेरीज नेहमी १२० मिमीच राहते. तुमचे कार्ड ५० मिमी जाडीचे असेल, तर कागदावर कूलरसाठी ७० मिमी उरतात आणि ७० मिमी उंचीचा नॉक्टुआ एनएच-एल१२एस अगदी बरोबर बसेल असे वाटते. मात्र पाठ हव्या त्या मिलिमीटरवर थांबत नाही, ती ठरलेल्या टप्प्यावरच थांबते. शिवाय कार्डाच्या पंख्याला बाजूच्या जाळीपासून काही मिलिमीटर मोकळी जागा हवी असते. त्यामुळे अशा वेळी एक टप्पा खालचा कूलर गृहीत धरणे शहाणपणाचे ठरते.

इथे एक सापळा आहे. कूलरची उंची सहसा प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या पृष्ठभागापासून मोजतात, पण कॅबिनेट बनवणारे मोकळी जागा कुठून मोजतात हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिलेले नसते. ती मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून मोजली असेल, तर सॉकेट (प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा) आणि प्रोसेसर यांची मिळून सुमारे ७ मिमी जाडी त्यातून वजा करावी लागते. शंका असल्यास उत्पादकाला ईमेल करून विचारा, कारण ७ मिमीत कूलरची एक संपूर्ण श्रेणी बदलते.

कागदावरचे आकडे डोळ्यांपुढे येत नसतील, तर जाड पुठ्ठ्याचा नमुना करून पाहा. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मिमीचा असतो. एसएफएक्स या लहान प्रकारचा एसएमपीएस १२५ × ६३.५ × १०० मिमीचा असतो, आणि एसएफएक्स-एलची शेवटची बाजू १३० मिमी असते. या मापांचे पुठ्ठे कापून ते कॅबिनेटच्या आतल्या मापाच्या चौकटीत मांडले, की केबल वळवायला किती जागा उरते आणि रेडिएटरच्या नळ्या कुठून जातील हे लगेच लक्षात येते. एसएफएक्स-एलच्या त्या जादा ३० मिमीमुळे केबलची किती कुचंबणा होते, हे बोटांनी चाचपून पाहिल्यावरच पटते.

२. वॅटचा हिशेब मांडा

संगणक विजेतून जेवढी ऊर्जा घेतो, ती जवळजवळ सगळी अखेरीस उष्णता होऊन त्याच खोलीत बाहेर पडते. म्हणून दुसरा कागद वॅटचा करा आणि त्यात खोक्यावर छापलेली टीडीपी (उत्पादकाने जाहीर केलेला वॅटचा आकडा) न लिहिता प्रत्यक्ष कमाल वापर लिहा, कारण हे दोन आकडे वेगळे असतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर ६५ वॅटचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत, १०५ वॅटचा १४२ वॅटपर्यंत आणि १७० वॅटचा २३० वॅटपर्यंत जाऊ शकतो. इंटेलच्या कोअर आय७-१४७००के वर १२५ वॅट छापलेले असतात, पण त्याची वरची मर्यादा २५३ वॅट आहे. ४८ मिमी उंचीच्या कूलरखाली २५३ वॅट ठेवणे अशक्य आहे, आणि कोणताही उपाय केला तरी ते शक्य होणार नाही.

उदाहरणार्थ, एएमडीच्या रायझन ५ ७६०० या प्रोसेसरचे ८८ वॅट, जीफोर्स आरटीएक्स ४०७० या ग्राफिक्स कार्डाचे २०० वॅट आणि बोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांचे मिळून सुमारे ४० वॅट धरले, तर बेरीज ३२८ होते. एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के असल्यास भिंतीतून सुमारे ३६५ वॅट ओढले जातात आणि उरलेले ३६-३७ वॅट एसएमपीएसच्याच पोटात उष्णता म्हणून राहतात. लहान कॅबिनेटमध्ये एसएमपीएस इतर भागांना खेटून असतो, त्यामुळे ही उष्णताही हिशेबात धरावी लागते.

आता उष्णता कमी करण्याकडे वळू. रायझन प्रोसेसरसाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) इको मोड असतो. त्यात १०५ किंवा १७० वॅटचा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गात, म्हणजे ८८ वॅटच्या मर्यादेत चालवता येतो. त्याखेरीज कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज थोडे खाली आणता येते. इंटेलमध्ये पीएल१ आणि पीएल२ या वीजवापराच्या दोन मर्यादा स्वतः ठरवता येतात. ग्राफिक्स कार्डासाठी एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून पॉवर लिमिट कमी करता येते किंवा कार्ड अंडरव्होल्ट, म्हणजे कमी व्होल्टेजवर, चालवता येते. वापर बराच कमी झाला तरी वेगात पडणारा फरक बहुधा फारच थोडा असतो, कारण उत्पादक शेवटचे काही टक्के वेग मिळवण्यासाठी प्रमाणाबाहेर वॅट खर्ची घालतात. कूलर निवडण्याआधी हा निर्णय घ्यावा असे मी म्हणतो ते याचसाठी: ८८ वॅटसाठी लागणारा कूलर आणि १४२ वॅटसाठी लागणारा कूलर यांच्या उंचीत इतका फरक पडतो की कॅबिनेटच बदलावे लागते.

आपल्याकडच्या हवामानाचा मुद्दा इथेच जोडून घ्या, कारण परदेशी चाचण्यांचे आकडे वाचताना तो हमखास निसटतो. कूलर खोलीच्या तापमानापेक्षा खाली जाऊ शकत नाही. तो प्रोसेसरला खोलीपेक्षा काही अंशांनी वर धरून ठेवतो, आणि हा फरक साधारण कायम राहतो. चाचणी २२ अंशांच्या खोलीत झाली आणि प्रोसेसर ८२ अंशांवर थांबला, तर फरक ६० अंशांचा आहे. तोच संच नागपूर, अकोला किंवा जळगावच्या मे महिन्यात ३६ अंशांच्या खोलीत ठेवला, तर हिशेबाने ९६ अंश येतात. रायझन ७०००च्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंशांची आहे, त्यामुळे तो आपला वेग स्वतःच कमी करू लागेल. म्हणून चाचणी वाचताना खोलीचे तापमान आधी शोधा, ते वजा करा आणि उरलेल्या फरकात आपल्या उन्हाळ्यातले खोलीचे तापमान मिळवा. खोलीत एसी असेल तर प्रश्न बराच सुटतो, परंतु बंद छोट्या खोलीत साडेतीनशे वॅट तासन्‌तास ओतले जात असतील तर खोलीच तापते, हेही ध्यानात ठेवा.

३. उंचीनुसार कूलर निवडा

४० मिमीच्या आत जागा असेल, तर नॉक्टुआचे ३७ मिमी उंचीचे एनएच-एल९आय व एनएच-एल९ए आणि थर्मलराइटचा ३६ मिमीचा एएक्सपी९०-एक्स३६ हे ठरलेले पर्याय आहेत. यांच्यावर ६५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसरच ठेवावा आणि उन्हाळ्यात त्यालाही थोडी वेसण घालावी.

४५ ते ५५ मिमीच्या पट्ट्यात ४७ मिमी उंचीचा थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ येतो. त्याची संपूर्ण तांब्याची आवृत्तीही मिळते. हा पट्टा सर्वांत चर्चिला जातो, कारण सँडविच रचनेची बरीच कॅबिनेट इथेच थांबतात. ८८ वॅटपर्यंतच्या प्रोसेसरसाठी, गेम आणि नेहमीच्या कामासाठी, माझ्या मते इथे हवेचा कूलर पुरतो. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांनी मात्र पुढच्या पट्ट्याचा किंवा पाण्याचा विचार करावा.

६५ ते ७७ मिमी जागा मिळाली तर चित्र बदलते. नॉक्टुआचा ७० मिमीचा एनएच-एल१२एस आणि ७७ मिमीचा एनएच-एल१२एसएक्स७७ यांना १२० मिमीचा पंखा लागतो, आणि मोठा पंखा कमी वेगात तेवढीच हवा देत असल्याने आवाजही उतरतो. १२० मिमीच्या पुढे उभे टॉवर कूलर बसू लागतात. १२५ मिमीचा नॉक्टुआ एनएच-यू९एस आणि १५५ मिमीचा थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई हे तिथले परिचित पर्याय आहेत. एवढी जागा असेल तर प्रोसेसरच्या कूलिंगची चिंता जवळपास संपते.

उंची जुळली म्हणून कूलर बसेलच असे नाही. मिनी-आयटीएक्स बोर्डावर सॉकेटच्या एका बाजूला रॅम, दुसऱ्या बाजूला व्हीआरएमचे (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज देणाऱ्या भागाचे) उंच हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारे धातूचे ठोकळे, आणि तिसऱ्या बाजूला एम.२ एसएसडीचे आवरण असते, त्यामुळे बुटका पण रुंद कूलर यांपैकी कशावर तरी अडू शकतो. आवरणाशिवायची रॅम सुमारे ३१ मिमी उंच असते, तर रोषणाईच्या रॅमची उंची ४० मिमीच्या पुढे जाते. लहान कॅबिनेटमध्ये साधी रॅमच घ्यावी. कूलर उत्पादकाच्या पानावर बोर्डनिहाय सुसंगततेची यादी असेल, तर आपला बोर्ड त्या यादीत पाहूनच पैसे भरा.

पाण्याच्या तयार कूलरचा, म्हणजे एआयओचा विचार करताना आधी जाडी मोजा. नेहमीचा रेडिएटर २७ मिमी आणि नेहमीचा पंखा २५ मिमी, म्हणजे एकूण ५२ मिमी लागतात. जागा कमी असेल तर १५ मिमीचे पातळ पंखे लावावे लागतात. २४० मिमीच्या रेडिएटरची प्रत्यक्ष लांबी सहसा २७५ मिमीच्या पुढे असते. दुसरी अट जागेची आहे: पंप हा पाण्याच्या संपूर्ण मार्गातला सर्वांत उंच भाग असता कामा नये. नळ्यांमधून वर्षानुवर्षे थोडे पाणी झिरपून उडून जाते, त्याची जागा हवा घेते आणि ती हवा सर्वांत वर जाऊन साठते. ती पंपात साठली तर गुरगुर सुरू होते आणि पंपाचे आयुष्य घटते. ए४-एच२ओ किंवा ९.९५ लिटरच्या फॉर्मडी टी१मध्ये रेडिएटर वरच्या बाजूला बसतो, त्यामुळे हवा रेडिएटरच्या टोकाशी राहते आणि पंप सुरक्षित राहतो.

पाणी घेतल्यास प्रोसेसर नक्कीच थंड राहतो, परंतु बोर्डावरच्या व्हीआरएमवर आणि एसएसडीवर वरून येणारा वारा बंद होतो. हवेचा बुटका कूलर प्रोसेसरबरोबर आजूबाजूच्या भागांवरही हवा टाकत असतो, आणि हा त्याचा गुण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १०० वॅटच्या आत राहणाऱ्याने हवा घ्यावी आणि १४० वॅटच्या पुढे जाणाऱ्याने २४० मिमीचा एआयओ घ्यावा, असे माझे मत आहे. मधल्यांनी आधी इको मोड चालवून पाहावा. स्वतः नळ्या जोडून केलेले पूर्ण वॉटर लूप हा निराळा छंद आहे, नवख्याने पहिल्याच संगणकात त्याच्या वाटेला जाऊ नये.

४. ग्राफिक्स कार्डाला हवा द्या

सगळी चर्चा प्रोसेसरभोवती फिरते, पण गेम खेळताना कार्डच सर्वाधिक उष्णता सोडते: आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट, ५०७० चे २५० वॅट, ४०९० चे ४५० वॅट आणि ५०९० चे ५७५ वॅट. सँडविच रचनेचा फायदा असा की कार्डाचे पंखे बाजूच्या जाळीतून थेट बाहेरची ताजी हवा ओढतात, त्यामुळे पुष्कळदा कार्ड मोठ्या कॅबिनेटइतकेच थंड राहते. अपवाद आहे तो आरपार हवा सोडणाऱ्या कार्डांचा. त्यांच्या एका टोकाला पंख्यामागे मोकळी जागा असते आणि हवा मागच्या बाजूने बाहेर पडते. सँडविचमध्ये तिथेच धातूची पाठ आडवी येते आणि तापलेली हवा अडते. असे कार्ड असेल तर वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारे पंखे जरूर लावा.

एनव्हिडियाने जून २०२४ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनाच्या वेळी लहान कॅबिनेटसाठी योग्य कार्डांची मापे जाहीर केली: लांबी ३०४ मिमी, उंची १५१ मिमी आणि जाडी ५० मिमीच्या आत, केबलचे वळण धरून. कार्ड घेताना ही मापे आधार म्हणून चांगली आहेत. उंचीत केबलचे वळण धरले आहे की नाही हे तपासा, कारण वीजजोडणीची केबल बाजूच्या पत्र्याने दाबली गेली तर ती जोडणी तापून जळू शकते.

५. हवेची दिशा ठरवा

सर्वसाधारण नियम असा: बाजूंनी हवा आत, वरून हवा बाहेर. बुटक्या कूलरचा पंखा बाहेरून हवा ओढून बोर्डावर टाकेल असाच ठेवावा. एक बारीक गोष्ट खूप फरक पाडते. पंखा आणि बाजूची जाळी यांत १०-१५ मिमीची फट उरली, तर पंखा बाहेरच्या हवेऐवजी कॅबिनेटमधलीच तापलेली हवा फटीतून पुन्हा ओढू लागतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या ईव्हीए फोमची पट्टी कापून पंख्याच्या कडेने जाळीपर्यंत एक कडे करा, म्हणजे पंख्याला बाहेरची हवाच घ्यावी लागते. काही वेळा याने तापमान ठळकपणे उतरते आणि खर्च जवळजवळ काहीच येत नाही. उलट फट अगदी २-३ मिमीचीच असेल तर जाळीच्या छिद्रांमुळे पंखा गुणगुणतो. अशा वेळी कमी उंचीचा कूलर किंवा पातळ पंखा लावल्यावर आवाज जातो.

६. खरेदीचा क्रम आणि कागदपत्रे

सगळे भाग आधी घेऊन ठेवू नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते आणि ऑनलाइन खरेदीत माल परत करण्याची मुदत काही दिवसांचीच असते, तर कॅबिनेटची खेप महिनोन्‌महिने लांबू शकते. मोजमापे पक्की झाल्यावर कूलर आणि एसएमपीएस ठरवून ठेवा, पण पैसे भरा ते कॅबिनेट रवाना झाल्याचा निरोप आल्यावर. कार्ड किंवा प्रोसेसर सवलतीत मिळत असेल आणि आधी घ्यावाच लागला, तर पुढच्या टप्प्याप्रमाणे लगेच तपासून घ्या.

परदेशातून कॅबिनेट येणार असेल तर सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) भरावे लागतात, शिवाय कुरिअर कंपनी आपले हाताळणी शुल्क लावते. एकूण किती होईल हे कुरिअर कंपनीला आधी विचारून तेवढी रक्कम बाजूला ठेवा. ही कागदपत्रे तयार ठेवा:

– विक्रेत्याचे बिल, ज्यावर वस्तूचे वर्णन आणि खरी किंमत आहे
– पैसे भरल्याचा पुरावा, म्हणजे कार्डाचे किंवा बँकेचे विवरण
– केवायसीसाठी ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा. पार्सलवर जे नाव आहे तेच यावर असावे
– भारतात घेतलेल्या प्रत्येक भागाचे जीएसटी बिल, वॉरंटीसाठी

सीमाशुल्क भरा असा एसएमएस आला तर त्यातल्या दुव्यावर पैसे भरू नका. कुरिअर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन ट्रॅकिंग क्रमांक टाका आणि खात्री करा, कारण या नावाने फसवणुकीचे संदेश सर्रास येतात. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे प्रवासात वाकल्यास दाव्यासाठी तोच पुरावा ठरतो.

७. कॅबिनेट येण्याआधी टेबलावर जुळणी करा

वाट पाहण्याच्या काळातला हा सर्वांत उपयोगी टप्पा आहे. मदरबोर्डच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोर्ड ठेवा, प्रोसेसर, रॅम, एसएसडी व कूलर बसवा, कार्ड रायझरशिवाय थेट स्लॉटमध्ये लावा, आणि संगणक सुरू करा. बायोस अद्ययावत करून ऑपरेटिंग सिस्टीम टाका आणि अर्धा तास भार देऊन तापमान नोंदवून ठेवा. हे उघड्यावरचे आकडे पुढे तुलनेला लागतात. एखादा भाग मुळातच सदोष असेल तर तो आत्ताच बदलून घेता येतो. एकदा सगळे लहान कॅबिनेटमध्ये ठासून बसवल्यावर एक रॅम बदलायची तरी निम्मा संगणक उघडावा लागतो.

साहित्य फार लागत नाही: चुंबकीय टोकाचे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर (पीएच१ व पीएच२), ॲलन की संच, स्टीलची पट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर, लांब चिमटा, वेल्क्रो पट्ट्या, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड.

आखूड केबल मागवणार असाल तर एक धोक्याची सूचना. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या टोकाकडची पिनांची रचना प्रमाणित नसते, ती कंपनीप्रमाणे आणि कधी एकाच कंपनीच्या मालिकेप्रमाणेही बदलते. जुन्या एसएमपीएसची केबल नव्यात व्यवस्थित बसली तरी आत चुकीचे व्होल्टेज जाऊन बोर्ड व एसएसडी जळू शकतात. आपल्याच मॉडेलसाठी बनवलेली केबल घ्या आणि मल्टिमीटरने तपासूनच लावा.

८. कॅबिनेट आल्यावर

आधी कॅबिनेट रिकामे असतानाच स्वतः मोजा आणि पहिल्या टप्प्यातले आकडे पडताळा. बहुतेक सँडविच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस व त्याच्या केबल प्रथम, मग कूलरसह बोर्ड, मग रायझर आणि शेवटी कार्ड हा क्रम सोयीचा पडतो. प्रोसेसरची आठ पिनांची केबल बोर्ड बसवण्याआधीच लावा, नंतर तिथे बोटे पोहोचत नाहीत. केबलचा जुडगा पंख्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका.

सगळे जोडूनही पडदा काळाच राहिला तर घाबरू नका, बहुधा रायझर कारणीभूत असतो. कार्डाच्या पीसीआयई जोडणीच्या पिढ्या असतात: जुन्या जेन३ (तिसऱ्या पिढीच्या) रायझरवर जेन४चे कार्ड लावल्यास किंवा जेन४ रायझरवर जेन५चे कार्ड लावल्यास जोडणी अस्थिर होते. बायोसमध्ये पीसीआयई स्लॉटची पिढी ‘ऑटो’वर न ठेवता रायझरच्या पिढीवर स्थिर करा. वेगात पडणारा फरक नगण्य असतो. प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसेल, जसे इंटेलच्या एफ अक्षराच्या मॉडेलमध्ये नसते, तर बायोसमधला हा बदल टेबलावरच्या जुळणीत आधीच करून ठेवा.

९. चाचणी आणि पंख्यांची मांडणी

भागांचे तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो६४ हा प्रोग्रॅम सुरू करून खोलीचे तापमान लिहून घ्या. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच चाचणी दहा मिनिटे चालवून प्रोसेसर पाहा, मग अर्धा तास एखादा जड गेम चालवून कार्ड, एसएसडी आणि व्हीआरएम पाहा. लहान कॅबिनेटमध्ये खरी परीक्षा गेमचीच असते, कारण तेव्हा दोघांची उष्णता एकत्र येते. बोर्डाच्या पाठीमागे लावलेल्या एम.२ एसएसडीकडे विशेष लक्ष द्या, तिथे हवा जवळजवळ पोहोचतच नाही. महत्त्वाची आणि वेगवान एसएसडी पुढच्या बाजूला लावणे उत्तम.

त्यानंतर बाजूचे पत्रे काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. पत्रे काढल्यावर तापमान पाच-सहा अंशांहून जास्त उतरले, तर हवा आत येण्यात अडथळा आहे असे समजा आणि पाचव्या टप्प्यातल्या फोमच्या पट्टीकडे वळा. फारसा फरक पडला नाही तर कॅबिनेट आपले काम करत आहे. मग कूलरच्या क्षमतेची मर्यादा आली आहे आणि वॅटच कमी करावे लागतील.

रायझन प्रोसेसरचे तापमान क्षणात उसळते आणि क्षणात उतरते, त्यामुळे पंखा सारखा वरखाली आवाज करतो. बायोसमध्ये पंख्याचा वेग बदलण्याचा कालावधी काही सेकंदांनी वाढवा आणि ७० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा. ९० अंशांच्या जवळ गेल्यावर मात्र पंखा पूर्ण वेगाने फिरलाच पाहिजे. भार कमी असताना ज्यांचा पंखा बंद राहतो असे काही एसएमपीएस असतात. त्यांच्यात ही सोय बटणाने बंद करता येत असेल तर उन्हाळ्यात ती बंद ठेवा.

सगळे आकडे खोलीच्या तापमानासह एका वहीत किंवा फाइलमध्ये लिहून ठेवा आणि मे महिन्यात तीच चाचणी पुन्हा घ्या. खोली जितक्या अंशांनी तापली तितक्याच अंशांनी प्रोसेसर तापला असेल तर काहीही करू नका. त्याहून जास्त तापला असेल तर आधी जाळ्या आणि कूलरच्या पात्यांमधली धूळ ब्लोअरने काढा (पंखा बोटाने धरून ठेवा, तो उलटा भरधाव फिरू देऊ नका). तरीही फरक राहिला तरच कूलर उतरवून पेस्ट बदला.